नमुना दोन प्रतींत

सन्माननीय अध्यक्ष नारायणराव, व्यासपीठावरचे थोर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती उत्तमरावजी, त्यांच्या सौभाग्यवती सत्यभामाबाई, कचेरीतली सारी मंडळी, आणि शाळेच्या ह्या हॉलात उकाडा सोसत बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधी एक कबुली. हे भाषण लिहायला मला पंधरा दिवस मिळाले होते. लिहिलं आज सकाळी, मेहकरच्या मोटारीत, मांडीवर वही ठेवून. रोज म्हणायचो, आज बसायचंच. आणि रोज पाय दुसरीकडे निघायचे. परवा दुसरबीडला एक अस्वलवाला भेटला, त्याच्यामागे चार कोस गेलो. त्या अस्वलाचा एक कान... पण ते राहू द्या. टाळायचं कारण अस्वल नव्हतं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही तीन शाळांत मिळून. मग मी ह्या व्यासपीठावर कसा? उत्तमरावांनीच सांगितलं, "त्या नमुन्याले बोलवा." नमुना हे माझं नाव त्यांनीच ठेवलेलं. कसं पडलं, ते सांगतो.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. अमडापूरचे वामनराव, माझे वामनदादा, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. कॉलेजला लोणारच्या तळ्यातलं शेवाळ हवं होतं. मला तिथल्या पायवाटा ठाऊक, म्हणून दादांनी मला सोबत घेतलं. परवानगीचा अर्ज केला. कचेरीचं उत्तर आलं: 'नमुना दोन प्रतींत सादर करावा.'

मी काय केलं असेल? तळ्यात उतरलो, शेवाळाच्या दोन बरण्या भरल्या आणि उत्तमरावांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

"काऊन बे, हे काय आणलं?"

"नमुना जी. दोन प्रती."

"अरे, नमुना म्हंजे फारम! कागद! आन् परवानगी मागाले आला तं बिनपरवानगीचं आणलं?"

सारी कचेरी हसली. उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी मला फॉर्म दिला. राज्य नवं, कागदही नवे. माथ्यावर छापलेलं: 'संशोधनार्थ समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या परवानगीचा नमुना'. बुलढाणा जिल्ह्यात समुद्र! उत्तमरावांनी लाल शाईनं 'समुद्र' खोडला. पुढे रकाना होता, 'भरतीची वेळ'. तिथे लिहिलं, 'लागू नाही'. मग जरा थांबून खाली स्वतःच्या मनानं लिहिलं: 'सूर्यास्तापूर्वी वर यावे. वर आल्याची सही प्रत्येकाने स्वतः करावी.'

समुद्राची भरती लोकांना ठाऊक असते. आपल्या तळ्याच्या कडेचा चिखल वरून वाळलेला दिसतो, आणि पाय गेल्यावरच कळतो. हे ज्याला माहीत, तोच असा नियम लिहितो.

परवाना हातात यायला सात महिने गेले. तो आठ बरण्यांचा होता. उत्तमराव म्हणाले, "दोन माह्या टेबलावर आल्या. तुमच्या सहा राह्यल्या." आम्ही किती विनवलं! पण त्या दोन बरण्या त्यांच्या कपाटात गेल्या त्या गेल्याच. अजून तिथेच आहेत. आज सकाळी मी पाहिल्या. हिरवं होतं ते आता रक्तासारखं लाल झालंय. झाकण उघडायची माझी छाती झाली नाही.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहताहेत. मुद्द्यावर येतो.

चहापानानंतर उत्तमराव निवृत्त होताना कारभार सोपवणार आहेत, आणि त्यांच्या पुढ्यात शेवटची फाइल येणार आहे ती ह्याच परवान्याची. त्यावर त्यांनी लिहायचं आहे: 'दोघेही वर आले. प्रकरण बंद.' वामनदादा अकरा महिने झाले कुणाला दिसलेले नाहीत. पण तळ्यावरच्या डाकबंगल्यातल्या सहीच्या वहीत, वर आल्याची त्यांची सही आहे. सही आहे म्हणून तळ्यात कुणी शोधलं नाही. शोधलं ते मोटारतळांवर, फलाटांवर, धर्मशाळांत. उत्तमराव, त्या फाइलवर सही करण्याआधी माझं एवढं ऐका. नंतर कुणी ऐकणार नाही.

त्या दिवशी सहा बरण्या भरून आम्ही वर आलो. ऊन कलंडलं होतं. दादांनी दोन रिकाम्या बरण्या उचलल्या.

"कॉलेजानं आठ मांगितल्या हायेत. दोन घेऊन येतो. तू थांब."

"परवान्यात सहाच हायेत ना, दादा."

"तुह्या उत्तमरावाले सांगाले कोण जाऊन राह्यलं बे?"

ते उतरले. मी डाकबंगल्याच्या ओट्यावर बसलो. सहीची वही तिथेच असायची. खाली हिरव्या कडेला त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. तेवढ्यात सरकीचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "शेगावले येतं का?" शेगावात माझं काहीही काम नव्हतं. तरी मी उठलो. वही बंद व्हायच्या आत सही हवी होती. म्हटलं, येतीलच दादा मागून. माझी सही केली. तिच्याखाली त्यांची केली.

नमुना, दोन प्रतींत.

ट्रक सुटताना मी खाली पाहिलं. हिरवी कड होती, सदरा नव्हता. झाडं आड आली असतील, असं मी अकरा महिने स्वतःला सांगतोय. सहा बरण्या मी शेगावहून रेल्वेनं पाठवल्या. कॉलेजचं पत्र आलं: 'दोन कमी आहेत.'

दादांची आई, जनकाबाई, तेव्हा कचेरीत आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. उत्तमरावांनी वही दाखवली. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वर आला ना? मंग बस झालं. रागावला असंल माह्यावर." तेव्हापासून दर गुरुवारी त्या शेगावला जातात, दर्शनाच्या रांगेतल्या माणसांची तोंडं पाहत फिरतात. मी तिथे त्यांना दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा खांबाआड झालो.

उत्तमराव, तुम्ही मान खाली घालू नका. तुमच्या दोन बरण्यांचा हिशेब तुम्ही मनात करताय, मला दिसतंय. पण तुमचा नियम बरोबर होता. 'स्वतः' हा शब्द तुम्ही लाल शाईत लिहिला होता. फाइल बंद करू नका. उद्या तळ्यात माणसं उतरवा. कुठल्या कडेला, ते मी दाखवतो.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. सत्यभामाबाई, तुमच्या घरच्या आनंदाच्या दिवशी हे काढलं, पोटात घाला. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं क्षमा करावी. वहीत जे झालं, त्याची क्षमा मी सभेकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, त्यांच्याकडे...

एक मिनिट. शिपायानं चिठ्ठी दिली आहे. मोठ्यानं वाचतो.

'अमडापूरच्या जनकाबाई दारात उभ्या आहेत. मुलाचं जुनं पत्र आणलं आहे. वहीतल्या सहीशी ताडून पाहायचं म्हणतात.'

कधीपासून उभ्या आहेत, ते चिठ्ठीत लिहिलेलं नाही.