खाणीतल्या वाटेची मंजुरी

नाते गावाजवळच्या बंद दगडखाणीतली आमची पायवाट मंजूर कशी झाली, ते ऐकाच! झाडं आम्ही पोरापोरींनी लावली, वाटही आम्हीच काढली. पण मंजुरी कोणाची हवी? तर माझ्या काकांची, म्हणजे तात्यांची, आणि त्यांच्या म्हाताऱ्या मंडळींची! त्यांनी शेवटपर्यंत चालून बघायचं आणि पटलं नाही, तर खाणीत गावाचा कचरा टाकायचा.

रविवारी मंडळी आली आणि वाटेच्या तोंडाशीच गप्पा ठोकत उभी राहिली.

"तात्या, चला ना!"

"थांब गो, घाई काय हाय?"

माझं डोकंच फिरलं. खिशातली शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

सगळे म्हातारे टोप्या सावरत सुसाट पळाले! तात्यांनी मला हाताला धरून ओढत नेलं, ते थेट वाटेच्या दुसऱ्या टोकाच्या काँक्रीटच्या खोलीत. हे सगळे एकेकाळी याच खाणीत कामाला होते. शिट्टी झाली की सुरुंग उडायचा आणि त्याआधी याच खोलीत शिरायचं. मला कुठे ठाऊक!

"अहो तात्या, खाण कधीच बंद झाली!"

"मला ठावं हाय गो, पन पायांना कोन सांगनार?"

"मग? शेवटपर्यंत आलात की! वाट मंजूर?"

तात्या धापा टाकत म्हणाले, "मंजूर! पन परत जाताना चालत जाऊ दे."