घासणारं दार

बेल्याची बस अजून लागली नव्हती. मारोतराव बाकावर डोळे मिटून बसले होते, पण मागच्या बाकावरचं बोलणं कानांवर येतच होतं. कॉलेजची एक पोरगी हातातला तुकडा शेजारच्या म्हातारीला दाखवत होती.

"लाकडाचा भुसा अन् प्लास्टिक मिळवून बनवला, आजी. फिरत्या लोखंडी चकतीवर घासून पाहतो, किती झिजते ते."

"माह्या पोरानं असंच दार बसवून देलं, हैद्राबादहून येऊन."

"मंग चांगलंच हाय. फुगत नाही, उधई-वाळवी लागत नाही."

"घासत बी नाही."

"त्याच्यासाठीच तर आमी मेहनत करून राह्यलो!"

"जुनं सागवानी दार फरशीले घासे, माय. सकाळी उघडलं का गल्लीभर आवाज जाये. तो आयकला का पलीकडली रुख्मिणी चहा घेऊन ये. 'उठल्या का वच्छलाबाई?' म्हने."

"आता नाही येत?"

"मी उठली, हे तिले कसं समजन?"

"मंग तुमीच हाक मारा ना."

"आपण होऊन हाक मारली तं चहासाठी मारली वाटते. काल मी नुसती कडी वाजवली. खूप वाजवली."

"आल्या त्या?"

"नाही. संध्याकाळी भेटली तं म्हने, 'सकाळी तुमच्याकडे पाहुणे आले वाटते, कडी वाजत होती. म्हणून आली नाही.'"

"मंग तुमी काय म्हनल्या?"

"म्हनलं, हो. पाहुणे होते."