पिवळ्या फ्रॉकचा खिसा

एका मित्राच्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नाही, म्हणून असेल, अंबरनाथच्या पोस्टात रांगेतल्या पुढच्या दोघींकडे माझे कान गेले.

“रूथताई, दोन महिने झाले पत्र येऊन. उत्तर आज?”

“वेळच मिळाला नाही गं, सालोमी.”

“चर्चच्या मंडळीने नेपाळच्या भूकंपवाल्यांना चाळीस गोधड्या पाठवल्या. प्रत्येकीवर शिवणारणीचं नाव-पत्ता. सहा माझ्या. पत्र मात्र तुम्हाला! पाळकसाहेबांनी उपासनेत कौतुक केलं तुमचं.”

“जळतेस?”

“जळणारच. तुमचा टाका तर वाकडा.”

“टाक्याबद्दल त्या बाईने एक अक्षर लिहिलं नाही.”

“मग काय लिहिलंय?”

“मधल्या पिवळ्या तुकड्याला खिसा आहे. त्यात हात घातल्याशिवाय तिची पोर झोपत नाही. विचारते, हा फ्रॉक कुणाचा?”

“पिवळा? तो मी दिला होता तुम्हाला! आमच्या लेकीचा, नेत्राचा!”

“म्हणून तर वेळ मिळत नव्हता.”

रूथताईंनी पाकिटातून उत्तराचा कागद काढून सालोमीबाईंपुढे धरला.

“आता बघतेस काय? खाली जागा सोडलीय. लिही नेत्राचं नाव.”

माझ्याकडून पेन घेऊन सालोमीबाईंनी नाव लिहिलं, पाकीट चिकटवलं.

“आण इकडे. पत्र माझ्या नावावर आलं होतं,” म्हणत रूथताईंनी तिकिटं लावली आणि पाकीट स्वतःच पेटीत टाकलं.