दोघं बसल्यावरची ढील

डोमाजी : नवी चेन टाकून देतो मी, मास्तर. पन आधी मले हे सांगा, मागचं चाक इतकं मागं कोनं ओढलं?

प्रेमदास : तुम्ही चेन टाका, डोमाजी. बाकीचं राहू द्या.

सुलोचना : राहू काऊन द्या? सांगा ना त्यायले.

डोमाजी : मागच्या महिन्यात मी सोता खुणेवर बसवलं होतं. आता पाहा, दोन्हीकडचे नट खुणेच्या पार गेले. हे माह्या हातचं काम नाई.

सुलोचना : यायच्या हातचं हाये. रविवारी आंगणात पाना घेऊन बसले होते. मी विचारलं, काय करून राह्यले? म्हणे, आवाज कमी करून राह्यलो.

प्रेमदास : आवाज येत होता म्हणून केला. चेन झाकणावर आपटत होती. ढिली चेन घट्ट करायची असते, हा काही मी काढलेला शोध नाही.

डोमाजी : ढिली कुठी होती? तुमी गाडी स्टँडवर उभी करून पाह्यली ना? चाक अधर लटकलेलं. तवा ढिली दिसतेच, दिसाच लागते. मानूस बसला का चाक वर चढते आन् चेन तनते. मागं अजून एक जन बसला का अजून तनते. दोघं बसल्यावर बोटभर ढील राह्यली तर चेन जगते. तुमी ते ढीलच खाऊन टाकली.

सुलोचना : ऐकलं? दोघं बसल्यावर. पाच वर्षांपासून मी मागं बसून राह्यली, बाळंतपणाची पेटी मांडीवर घेऊन. पाना फिरवताना मी आठवली नाई तुम्हाले.

प्रेमदास : सुलोचना, इथे नको. हा नाका आहे. लोक येतात-जातात.

सुलोचना : या जाम गावच्या नाक्यावर नाई तर कुठी बोलू? घरी तुम्ही चार दिवसांपासून तोंड उघडलं नाई. शाळेतून येता, वह्यांचा गठ्ठा घेता आन् भिंतीकडे तोंड करून बसता. भिंत तपासून राह्यले का वह्या, तेही समजत नाई.

डोमाजी : बाई, झालं तरी काय? मास्तरनं मले एवढंच सांगतलं का चेन तुटली, गाडी बैलबंडीवर टाकून आनली.

सुलोचना : एवढंच सांगतलं? मग बाकीचं मी सांगते. मंगळवारी भागीरथाले कळा सुरू झाल्या. आमच्याच वस्तीतली, यायच्या चुलतभावाची, चिंधूची बायको. पयलटकरीण. हे शाळा सोडून मले न्यायले इथं दवाखान्यात आले, तेवढं चांगलं केलं. निघालो दोघं. नाल्याच्या चढावर गाडी गड्ड्यात आदळली आन् चेन तुटून पडली. तिथून गाव दीड कोस. मी पेटी काखेत मारून पळत गेली, डोमाजी. चपला नाल्यातच राह्यल्या. पोचली तवा पोर बाहेर आलं होतं, गळ्याभोवती नाळेचे दोन फेरे. दाईले सोडवता आले नाई. मुलगा होता. अंग गरम होतं अजून.

डोमाजी : अरे बापा.

सुलोचना : असे फेरे मी या हातानं तीनदा सोडवले. लय कठीण काम नाई ते. फक्त तिथं असावं लागते. म्हणून आग होते माह्या अंगाची.

प्रेमदास : चेन जुनी होती. डोमाजी, तुम्हीच सांगा तिला. होती की नव्हती?

डोमाजी : होती. पन जुनी चेन खडखड करते, असी फटकन तुटत नाई. ढील असती तर अजून एक साल काढलं असतं तिनं. आता मी खोटं बोलू का?

सुलोचना : बोलू नका. मी बोलली तेवढं पुरे हाये. भागीरथाच्या सासूनं विचारलं, बाई, इतका उशीर काऊन झाला? मी म्हटलं, चेन जुनी होती, मावशी, नशीब आपलं. नशीब म्हटलं मी. आमच्या घरात हा शब्द कोणी काढत नाई. माह्या बापानं छप्पन साली देव्हाऱ्यासंगं तोही बाहेर फेकला होता. यायच्यासाठी मी तो उचलून आणला.

प्रेमदास : मी तुला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

सुलोचना : नाई सांगतलं. तुम्ही आलेच नाई तिथं. अजूनही गेले नाई. भागीरथा चार दिवसांपासून छातीवर ओला फडका ठेवून पडली हाये, दूध उतरलं तिले. तुम्ही वह्या तपासून राह्यले.

प्रेमदास : मग काय करायला हवं होतं मी? आवाज येत होता तर येऊ द्यायचा?

सुलोचना : हाव. येऊ द्याचा. कोणाले तरास होता त्याचा? मले नव्हता. शाळेतल्या पोरायले नव्हता. कोणाले होता ते सांगा डोमाजीले.

प्रेमदास : तुला माहीत आहे.

डोमाजी : मले नाई मालूम.

सुलोचना : आमच्या वस्तीचा रस्ता अण्णाजीच्या दारावरून जाते. आमचे सरपंच. दिवसभर ओट्यावर बसून राह्यतात. त्यायचं घर आलं का हे गाडी बंद करतात, खाली उतरतात आन् पार पिंपळापर्यंत ढकलत नेतात. मी मागून पायी. सरकारी नर्स, हातात पेटी, नवऱ्याच्या बंद फटफटीमागं चालून राह्यली.

डोमाजी : पन गाडी बंद, तर आवाज कायचा?

प्रेमदास : चेनचा. गाडी ढकलली तरी चाक फिरतं ना. झाकणाला लागून खडखड वाजायची. रस्ता शांत असतो तिथे. फार ऐकू यायचं.

डोमाजी : (पाना खाली ठेवून) म्हंजे तुमी चालवतानाचा आवाज बंद करून नाई राह्यले. ढकलतानाचा करून राह्यले. मास्तर, वीस साल झाले मले या धंद्यात. कोनी ब्रेकसाठी रडते, कोनी पेट्रोलसाठी रडते. ढकलन्यासाठी गाडी दुरुस्त करनारा मानूस मी आज पाह्यला.

सुलोचना : आता अण्णाजी काय बोलले ते सांगा. शब्दाले शब्द. मी उद्या त्या ओट्यापुढं उभी राहून विचारणार हाये त्यायले.

प्रेमदास : तू तिथे जाणार नाहीस. त्यांच्या एका चिठ्ठीवर बदली होते. तू इथे, मी आर्वीच्या कुठल्या तरी खेड्यात. चालेल तुला?

सुलोचना : काय बोलले?

प्रेमदास : काही नाही.

सुलोचना : अजून लपवून राह्यले त्यायच्यासाठी?

प्रेमदास : लपवत नाही. ते बोललेच नाहीत. शनिवारी मी गाडी ढकलत होतो, चेन वाजत होती. ते पानाला चुना लावत होते. त्यांनी वर पाहिलं.

सुलोचना : मग?

प्रेमदास : मग पान तोंडात टाकलं. एवढंच.

सुलोचना : एवढ्यावर तुम्ही चेन आवळली?

प्रेमदास : हो.

सुलोचना : आन् त्यायच्या दारापुढं उतराचं? ते तर सांगतलं असंन ना. गाडी घेतली तवा?

प्रेमदास : नाही.

सुलोचना : कोणा गड्याच्या हातून निरोप देला असंन.

प्रेमदास : कोणीच नाही. गाडी आणली त्या दिवशी माझा मीच उतरलो. ओटा दिसला आणि पाय खाली आला. माहा बाप तिथून जाताना जोडे काखेत घेई. मी लहान होतो, त्याचा हात धरून जायचो मी. मले कोणी सांगतलं नाई, सुलोचना. पाच वर्षं कोणी न सांगता उतरून राह्यलो मी.

सुलोचना : पाच वर्षं मले वाटलं, हुकूम हाये. पाच वर्षं मी त्या म्हाताऱ्याले मनातल्या मनात शिव्या देत तुमच्या मागं चालली.

डोमाजी : शिव्या वापस नका घेऊ, बाई. तो बसून पाहून राह्यला ना पाच साल? एक डाव तरी म्हटलं का त्यानं, मास्तर, बसून जा?

प्रेमदास : नाही.

डोमाजी : मग झालं. त्याले मोकळा नका सोडू.

सुलोचना : सोडत नाई. पण त्याचा राग मले करता येते. तो परका हाये. यायचा राग घेऊन मले यायच्याच घरात भाकर टाका लागते. तुम्हाले भेव वाटलं, तर मले सांगाचं होतं. आपण दोघं भ्यालो असतो. मी म्हटलं असतं, वाजू द्या.

प्रेमदास : लाज वाटली सांगायची.

सुलोचना : तुमच्या लाजेपायी चिंधूचं पोर गेलं.

डोमाजी : बसा आता. दोघंही गाडीवर बसा, पेटी घेऊन. नवी चेन टाकली, चाक पुढं सरकवलं मी, पन बसल्याबिगर मले माप भेटत नाई. बाई, नीट बसा, घरी जाता तसं. भांडन झालं म्हनून असं टोकावर नका बसू. हं. मास्तर, पायानं थोडी पुढं घ्या. अजून. थांबा. हे पाहा, बोट घालून पाहा तुमी सोता.

प्रेमदास : हलते.

डोमाजी : एवढी हलाच पाह्यजे. चेनच्या चक्रीचे दाते घासले हाये, म्हनून आवाज येईन. चालवताना कमी, ढकलली तर जास्त. आधीच सांगून ठेवतो.

प्रेमदास : येऊ द्या. सुलोचना, उतरू नको. आपण भागीरथाकडे जाऊ.

सुलोचना : कायले?

प्रेमदास : तिच्या सासूले सांगतो, चेन मी आवळली. ते नशीब नव्हतं, असं सांगतो.

सुलोचना : चिंधू घरीच हाये. हात उचलंन तो.

प्रेमदास : उचलू दे.

सुलोचना : आन् कोणाच्या म्हणण्यावरून आवळली, असं विचारलं तर?

प्रेमदास : कोणीच म्हटलं नव्हतं, हेही सांगतो.

सुलोचना : मग चला. अण्णाजीच्या दारावरून जाताना मान वर ठेवजा. भागीरथापुढं खाली घालाची हाये.