मीटरबाबांसाठी

नाही नाही, पासवर्ड मीच टाकतो, तुम्ही जरा खिडकीकडे बघा. राग मानू नका — तुमच्याआधी जो दुरुस्तीवाला आला होता तोही चांगल्याच घरचा वाटत होता, आणि तो गेल्यावर माझे सगळे फोटो इकडचे तिकडे. हं, झालं, फिरा. हे मुलीचं वेळ ठरवायचं ॲप. ती तिकडे लांब असते, अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवते, सगळं व्हिडिओवर. कामात बुडालेली असते, म्हणून बापानंही वेळ घेऊनच बोलायचं — म्हणजे असं ती म्हणाली नाही हां, तिनं फक्त हे पान पाठवलं. वरती नाव वाचलंत? ‘मीटरबाबांसाठी’. खास माझ्यासाठी वेगळं पान. मी विजेचे मीटर तपासायचो, म्हणून लहानपणी ती मला मीटरबाबा म्हणायची. हे तिचं आणि माझं, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, आता तुम्हाला कळलं.

तर इथं वेळ निवडायची, की मेल येतो आणि त्यात व्हिडिओची लिंक असते. लोकांच्या मेलात असते. माझ्या मेलात काय असतं? ‘भेटीचं ठिकाण नंतर कळवण्यात येईल.’ नंतर म्हणजे कधी? मी शर्ट बदलून, चष्मा पुसून इथं बसतो, वेळ टळून जाते, आणि मग तिचा मेसेज — सॉरी बाबा, सिस्टिममध्ये काहीतरी गडबड आहे. दर वेळी गडबड. ब्राउझर बदलला, कॅमेऱ्याची परवानगी दिली, स्पॅम उपसून काढलं, तिकडची वेळ आणि इकडची वेळ लावून पाहिली — काही नाही. ॲपवाल्यांना लिहिलं, तर म्हणे, कॅलेंडर ज्यांचं आहे त्यांनी व्हिडिओचं खातं काढून पुन्हा जोडावं. तिला सांगितलं. ‘केलं बाबा’ म्हणाली. तरी जैसे थे.

आता मी सांगतो, यात कुणाचा हात आहे. उभा जन्म मी लोकांच्या जिन्याखाली टॉर्च घेऊन काढलाय, वायर आपोआप निघालेली कुठली आणि कुणी काढलेली कुठली, हे मला वासावरून कळतं. हे जावईबापूंचं काम आहे. संगणकातलाच माणूस, त्याला काय अवघड? आणि गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांकडे मी मीटर दोनदा तपासायचो. — कशावरून? सांगतो ना. आधी आम्ही थेट फोनवरच व्हिडिओ लावून बोलायचो, रोज, एकमेकांना बघत. मी म्हणायचो, कॅमेरा जरा फिरव गं, मागचं दार दाखव, ते बंद का आहे, कपाट उघड बघू. बापाचा जीव आहे, काळजी वाटणारच. एकदा म्हणाली, तो ऑफिसला गेलाय — आणि मागे टेबलावर चहाचे कप दोन. दोन कशाला? तिला मी एका शब्दानं बोललो नाही. त्याच्या ऑफिसात फोन केला. साधी चौकशी हो — हा माणूस खरंच तुमच्याकडे कामाला आहे का, रोज येतो का. त्यांनी माझं नाव विचारलं, मी दिलं, लपवायचं काय त्यात? तेव्हापासून ती जरा कमी बोलते. पण ते कामामुळे. तोंड का वाकडं केलंत? नाही केलं? बरं.

थांबा, हे काय लिहिताय? तिचं नाव कशाला? — अच्छा, हे लोकांसाठीचं पान. हो, तीच ती. केस कापले वाटतं. मला बोलली नाही. लांब होते हो, कमरेपर्यंत... असो. तुमच्या नावानं वेळ घेताय? घ्या, पहिली भेट फुकट आहे म्हणे. आत्ताचीच मोकळी आहे? माझ्या पानावर तर पुढच्या महिन्याशिवाय काही दिसत नाही. — मेल आला? इतक्यात? तुमच्या फोनवर? दाखवा.

लिंक आहे.

म्हणजे व्हिडिओ जोडलेला आहे. मग माझ्या — नाही, कळतंय मला, सावकाश सांगायची गरज नाही. प्रत्येक पानाला ठिकाण वेगळं निवडता येतं. लोकांच्या पानाला व्हिडिओ निवडलाय, माझ्या पानाला ‘नंतर कळवू’. ते निवडायचं असतं पान बनवणाऱ्यानं. म्हणजे पान जावयानंच... पण मीटरबाबा त्याला कुठून माहीत? तो मला काका म्हणतो. ती सांगणार नाही त्याला. ते आमचं होतं.

फार वाईट वाटतंय हो मला. नको, पाणी नको. वेळ झाली ना? मग दाबा लिंक. मी असा बाजूला उभा राहतो, मला कॅमेऱ्यात घेऊ नका. काहीही सांगा — मुलगा अडखळतो म्हणा, मुलगा नसला म्हणून काय झालं. फक्त लगेच बंद करू नका.

आली. बारीक झालीय. — बोला ना, नमस्कार म्हणतेय ती. मागचं दार सताड उघडं आहे, बघा... कप दोनच आहेत. हसतेय. माझ्याशी बोलताना अशी हसायची नाही हल्ली — आवाज गेला का तिकडे? गेला वाटतं. काय विचारतेय? तुमच्याबरोबर खोलीत अजून कुणी आहे का?

कुणी नाही म्हणा.