ताताय नावाचा फोल्डर

केसॉन सिटीतल्या दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटरसाठी ताटकळलेल्या मिलाग्रोसला बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं नको असूनही ऐकू येत होतं. दुकानदार नुकताच त्यांचा लॅपटॉप परत देऊन, मान हलवून आत गेला होता.

"काहीच नाही निघालं, कुया?" बहिणीने थोरल्या भावाला विचारलं.

"नाही. पुसून मी त्यावर सगळं नवीन भरलं होतं ना."

"पण त्याआधी तू कॉपी काढली होतीस. स्वतः प्रोग्राम लिहून."

"निघाली असं वाटलं. डिस्कवरच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरला ताताय, म्हणजे बाबा, असंच नाव दिलं. प्रोग्राममधल्या पत्त्यात नावाआधी उलटी तिरकी रेघ, पुढे तातायचा टी. त्या दोघांना मिळून प्रोग्राम टॅबची मोकळी जागा समजतो. फोल्डरच सापडत नाही त्याला. रेघ दोनदा द्यायला हवी होती."

"मग माझ्या लग्नाचे फोटो बरे कॉपी झाले."

"लग्नाचा तो फोल्डर कासाल नावाचा. रेघेपुढे के आला तर काही बिघडत नाही. तेवढे फोटो बघितले आणि निर्धास्त झालो."

"प्रोग्राम काहीच बोलला नाही?"

"मीच सांगून ठेवलं होतं त्याला. चुकलं तरी गप्प राहा."

"घसा ठणकत असताना रेकॉर्डिंगसाठी बोलत होते रे ताताय. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, नातवंडांना आजोबा ऐकू यावेत म्हणून."

"माहितीये, मेरिदेल."

"हा बघ, ऑपरेशन झाल्यावरचा त्यांचा मेसेज. आवाज मिळाला का, विचारतायत."

"तू कळव. मला नाही जमणार. फार ओरडतील."

"कशाने ओरडतील, कुया?"