ऐकायचं दुकान

दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या शिवणकामवाल्या मावशींच्या शेजारी एक बाप आपल्या दुसरीतल्या मुलीशी बोलत होता.

"शाळेच्या प्रकल्पात दुकान काढलंस, मग विकतेस काय?"

"काहीच नाही. बाई म्हणाल्या, लोकांना काय हवंय ते शोधा. मी ऐकायचं दुकान काढलं."

"म्हणजे गाण्यांचं?"

"नाही हो बाबा! लोक बोलतात, मी ऐकते."

"आणि गिऱ्हाईक?"

"मधल्या सुट्टीत रांग लागते. काल बाईसुद्धा आल्या."

"अरे वा! मार्क किती दिले?"

"कसं विचारणार? त्या रडत होत्या."

"रडत? का?"

"दुकानातलं बाहेर सांगायचं नसतं."

बाप डोकं खाजवत राहिला. मावशींचा नंबर आला. उठता उठता त्या मुलीकडे वळल्या.

"मोठ्या माणसांनी यायचं झालं, तर कधी यायचं गं?"